मंडळाची स्वतःची वास्तू: प्लॉट, गोडाऊन की नगरपालिकेची जागा?

चढाई_३०

कबड्डी आणि खो-खोचं मंडळ. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, नगरपालिका हद्द. नोंदणी १८६० च्या कायद्याखाली आणि धर्मादायकडेही, एफ क्रमांक आहे. १२ए आणि ८०जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या) चालू. सभासद १४०, रोज सरावाला ६०-७० मुलं-मुली. सध्याचं मैदान भाड्याचं, मालक पुढच्या जूनपर्यंतच देणार. मुदत ठेवीत २१ लाख. समोर तीन पर्याय आहेत.

अ) गावाबाहेर ८ गुंठे बिगरशेती प्लॉट, २० बाय ४० मीटर. मागणी ४० लाख.
ब) गावातलं जुनं हळदीचं गोडाऊन, आतली रुंदी १२ मीटर, लांबी २६, पत्र्याखाली साडेपाच मीटर उंची. मागणी ६२ लाख. मालक आमच्या उपाध्यक्षांचे मेव्हणे.
क) नगरपालिकेची बंद पडलेली शाळेची इमारत आणि पुढचं पटांगण, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने. नगरसेवक 'होऊन जाईल' म्हणतात.

कशात हात घालावा? पैसे कसे उभे करावेत? अनुभवी लोकांनी आकड्यांसकट लिहा.

परिशिष्ट_एक

जागा बघायच्या आधी धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट १ चा, म्हणजे विश्वस्त आणि मालमत्तेच्या तिथल्या नोंदीचा, ताजा उतारा काढा. त्यावर आजच्या कार्यकारिणीची नावं आहेत का बघा. दहातल्या सात मंडळांच्या उतार्‍यावर दोन निवडणुका आधीची नावं असतात, त्यातले एकदोघे वारलेले असतात. खरेदीखतावर सही करणारा विश्वस्त उतार्‍यावर नसेल तर दुय्यम निबंधकापासून बँकेपर्यंत सगळीकडे अडतं. प्रत्येक बदलाचा अर्ज धर्मादाय कायद्याच्या कलम २२ खाली ९० दिवसांत द्यायचा असतो. राहिला असेल तर उशीर माफीच्या अर्जासह जुन्यात जुना बदल आधी द्या. मधला अर्ज सोडून शेवटचा दिला तर तो मंजूर होत नाही, कारण ज्यांनी सभा बोलावली ते मुळात विश्वस्त होते का, हाच प्रश्न उभा राहतो. आपसात हरकत नसली तरी यात महिने जातात. जून तुमच्यासाठी फार जवळ आहे.

दुसरं, कर्ज. सार्वजनिक न्यासाला कलम ३६अ(३) प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय कर्ज काढता येत नाही, तारण असो वा नसो. सभासदांकडून बिनव्याजी 'ठेवी' घेणं हेही कर्जच. 'आपलेच लोक आहेत' हे कारण तिथे चालत नाही. शिवाय लोकांकडून ठेवी गोळा करण्यावर २०१९ चा वेगळा कायदा आहे, त्या वाटेला जाऊ नका.

चढाई_३०

उतारा काढला नाहीये. शेवटचा बदल २०१४ च्या कार्यकारिणीचा नोंदला गेला असावा. त्यानंतर तीन निवडणुका झाल्या.

परिशिष्ट_एक

मग तीन बदल अर्ज, त्याच क्रमाने. प्रत्येकाला लागतं ते असं: सभेची नोटीस, ती सभासदांना पोहोचल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, ठरावाची प्रत, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं, जुन्यांपैकी कोणी गेलं असेल तर मृत्यूचा दाखला. 'नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली होती' एवढ्यावर वकील हरकत काढू शकतो, म्हणून नियमावलीत नोटीस कशी द्यायची लिहिलंय ते आधी वाचा. तिन्ही अर्ज एकाच दिवशी दिले तर एकत्र चालवण्याची विनंती करता येते.

लोखंडी_खांब

जागेच्या मापाबद्दल कोणीच बोललं नाही. आधी मैदान कागदावर मांडा, मग किंमत बघू.

पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, दोन्ही बाजूंचे एकेक मीटरचे राखीव पट्टे धरून. महिलांचं १२ बाय ८. खो-खो २७ बाय १६, भोवती दीड मीटर मोकळं, म्हणजे ३० बाय १९. खो-खो छताखाली आणायचा विचार आत्ता सोडून द्या, कबड्डीच्या हॉलपेक्षा जवळजवळ दुप्पट छत लागेल. खो-खो बाहेर मातीत, कबड्डी आत मॅटवर.

आता गोडाऊन. आतली रुंदी १२, त्यात १० चं मैदान बसतं असं वाटतं. पण जुन्या गोडाऊनचे खांब भिंतीच्या आत २५-३० सेंटिमीटर आलेले असतात. बाजूला उरले एक मीटर, त्यातून खांबाचे ३० गेले, राहिले ७०. चढाईपटूला राखीव पट्ट्यातून बाहेर ढकलताना साखळीतले दोघेतिघे एका दिशेने झोकून देतात. ७० सेंटिमीटरवर सिमेंटचा कोपरा म्हणजे खांदा गेलाच. सगळ्या खांबांना दोन मीटर उंचीपर्यंत जाड फोमचं वेष्टन लागेल, ते धरल्यावर मोकळी जागा ६० वर येते. मुली आणि किशोरांच्या सरावाला, ८ मीटरच्या मैदानाला, हीच जागा चांगली आहे. पुरुषांच्या स्पर्धेला नाही.

प्लॉट २० मीटर रुंद. नियमाप्रमाणे बाजूला मोकळी जागा सोडायची. दोन्हीकडे ३ मीटर धरली तर इमारतीला १४ उरतात, आतून साधारण साडेतेरा. मैदानाच्या बाजूंना पावणेदोन मीटर मिळाले, सरावाला पुरे. पण नगरपालिकेने ही इमारत 'सभागृह' म्हणून धरली तर जास्त मोकळी जागा सोडावी लागते आणि सगळं गणित कोसळतं. म्हणून इसार द्यायच्या आधी वास्तुविशारदाकडून एका पानावर रेखाटन करून नगररचना विभागाकडून तोंडी का होईना, वापर कुठल्या वर्गात बसतो ते विचारून घ्या. आठ गुंठे २८ बाय २९ असते तर ही चर्चाच झाली नसती. गुंठे मोजतात सगळे, आकार कोणी बघत नाही.

निळी_शाई

क बद्दल लिहितो. नगरसेवकाच्या 'होऊन जाईल'ला कागदावर किंमत शून्य. पालिकेची मालमत्ता भाडेपट्ट्याने द्यायची तर सर्वसाधारण सभेचा ठराव, मूल्यांकन आणि वरची मंजुरी हे सगळं लागतं. कार्यकाळाच्या शेवटी घाईत केलेला ठराव पुढच्या सभागृहात रद्द होण्याची शक्यता फार. ती इमारत 'शाळा' म्हणून आरक्षित आहे का, हे विकास आराखड्याच्या भाग नकाशावर तपासा. आरक्षण शाळेचं असेल तर वापर बदलायला शासनापर्यंत जावं लागतं.

भाडेपट्ट्याच्या मसुद्यात तीन गोष्टी बघा. मुदत: त्यावर मुद्रांक ठरतो. ५ वर्षांपर्यंत बाजारमूल्याच्या १० टक्क्यांवर, ५ ते १० वर्षांपर्यंत २५ टक्क्यांवर, १० ते २९ वर्षांपर्यंत ५० टक्क्यांवर, २९ च्या पुढे ९० टक्क्यांवर खरेदीखताच्या दराने शुल्क. म्हणून बहुतेक पट्टे २९ वर्षांचे दिसतात. दुरुस्ती कोणाची: 'सर्व दुरुस्ती पट्टेदाराची' असं असेल तर बंद शाळेची गळती तुमच्या डोक्यावर. आणि मुदत संपल्यावर तुम्ही बांधलेल्याचं काय: बहुतेक मसुद्यांत ते विनामोबदला पालिकेचं होतं. तसं असेल तर तिथे जड बांधकाम करू नका, उचलून नेता येईल एवढंच करा.

आणखी एक, कोणी 'गायरानात जागा देतो' म्हटलं तर नम्रपणे नको म्हणा. सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०११ चा निकाल आणि त्यामागोमाग आलेला शासन निर्णय, दोन्ही त्याविरुद्ध आहेत. वास्तू उभी राहील आणि पाडायची नोटीस येईल.

हिशेबनीस

आकडे मागितलेत म्हणून मांडतो. दर मी हिशेबासाठी धरलेत, तुमच्या गावचे घालून पुन्हा करा.

प्लॉट ४० लाख. मुद्रांक ६ टक्के धरला तर २.४. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३० हजार, म्हणजे ०.३.
हॉल १४ बाय २३ मीटर बाहेरून, ३२२ चौ.मी., साधारण ३,४६६ चौ. फूट. लोखंडी सांगाडा, पत्रा, अर्ध्या उंचीची वीटभिंत, फरशी, दोन स्वच्छतागृहं मिळून २,००० रुपये फूट धरले तर ६९.३ लाख.
त्यावर जीएसटी १८ टक्के, १२.५ लाख. ठेकेदार दर सांगतो तेव्हा 'जीएसटी वेगळा' हे शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात असतं. मंडळाला त्याचा परतावा मिळत नाही.
बांधकाम कामगार उपकर १ टक्का, ०.७.
वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार, माती परीक्षण, विकास शुल्क ४ लाख.
थ्री फेज वीज जोडणी, वायरिंग २. मॅट १५ बाय १२ मीटर, म्हणजे एक मीटरच्या १८० फरश्या, १,२०० ने २.२.
एकूण १३३ लाख. वर न धरलेल्या खर्चाला ८ लाख. १४१.

हातात २१.

गोडाऊन: ६२, मुद्रांक ३.७, नोंदणी ०.३, दुरुस्ती १२, मॅट २.२. मिळून ८० च्या आसपास. आणि ५० लाख किंवा त्यावरच्या खरेदीत विकणार्‍याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा. मंडळ आहे म्हणून सूट नाही. विसरलात तर व्याज आणि विलंब शुल्क तुमच्याकडून.

परिशिष्ट_एक

गोडाऊनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: मेव्हण्यांचं आहे म्हणून वाईट नाही, पण कागद दुप्पट लागतील. विश्वस्ताच्या नातेवाइकाकडून वाजवीपेक्षा जास्त दराने मालमत्ता घेतली की आयकराची सवलत धोक्यात येते, आणि त्या व्याख्येत पत्नीचा भाऊ बसतो. नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल आधी घ्या, शक्यतो दोन. सर्वसाधारण सभेत नातं उघड सांगा, उपाध्यक्षांनी त्या विषयावर मतदान करू नये, आणि इतिवृत्तात हे दोन्ही लिहा. सभेच्या नोटिशीवर 'जागा खरेदीचा विचार' एवढंच नको. गट किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, कमाल किंमत आणि सहीचे अधिकार कोणत्या दोन विश्वस्तांना, हे सगळं ठरावात हवं.

खरेदीखतात खरेदीदार म्हणून संस्थेचं नाव, 'तर्फे' अमुक विश्वस्त. अध्यक्षांच्या नावावर घेऊन 'नंतर फिरवू' हा प्रकार करू नका. नंतर फिरवायचं म्हणजे पुन्हा मुद्रांक, आणि मधल्या काळात अध्यक्षांचे वारस. खरेदीनंतर ९० दिवसांत मालमत्तेचा बदल अर्ज, म्हणजे परिशिष्टावर जागा चढली.

खो_ताई

सगळे लोखंड आणि मुद्रांकावर बोलताहेत. मुलींची कपडे बदलायची खोली नकाशात कुठे आहे? हॉलच्या आत, मैदानाला लागून दार असलेली नको. वेगळ्या बोळातून जाणारी, आतून कडी, खिडकी दोन मीटरच्या वर. स्वच्छतागृहात पॅड टाकायची बंद बादली आणि पाणी. ही खोली 'पुढच्या टप्प्यात' ढकलली की आठवीनंतरच्या मुली येणं थांबतात. हे मैदानावर काम करणार्‍या कोणालाही विचारा.

हिशेबनीस

@खो_ताई, बरोबर. वरच्या २,००० च्या दरात ती आहे. काढू देणार नाही.

पैशाचं सांगतो, कारण इथेच जास्त चुका होतात.

पहिलं, २१ लाख कुठे आहेत ते बघा. आपल्या भागात अर्धा-एक टक्का जास्त मिळतो म्हणून मंडळं पतसंस्थेत ठेवी ठेवतात. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. धर्मादाय कायद्याच्या कलम ३५ मध्ये ती बसत नाही आणि आयकरातल्या मान्य गुंतवणुकीतही नाही. सहकारी बँकेत ठेवलेत तरी ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच. २१ लाख एका नागरी बँकेत असतील तर १६ लाख बिनविम्याचे. पाच बँकांत विभागा किंवा मोठ्या बँकेत न्या.

दुसरं, इमारत निधीचं खातं वेगळं उघडा, आजच. देणगीच्या पावतीमागे देणगीदाराचं एक पत्र घ्या: 'ही रक्कम मंडळाच्या इमारतीसाठी कायम निधी म्हणून देत आहे.' दिनांक आणि सही. हे पत्र नसेल तर ती रक्कम त्या वर्षाचं साधं उत्पन्न होते आणि ८५ टक्के त्याच वर्षी खर्च करण्याचा नियम लागतो. जमत नसेल तर उद्देश लिहून पाच वर्षांपर्यंत राखून ठेवता येते, पण त्याचा फॉर्म विवरणपत्राच्या आधी, मुदतीत भरावा लागतो. मार्चअखेरीला 'अरे, खर्च दाखवायचाय' म्हणून घाईत विटा आणि लोखंड घेऊन मैदानावर टाकणारी मंडळं याच कारणाने दिसतात. लोखंड दोन पावसाळे भिजतं आणि बांधायच्या वेळी आरसीसीवाला ते नाकारतो.

तिसरं, ८०जी वर फार भिस्त ठेवू नका. नव्या कर पद्धतीत व्यक्तीला त्याची वजावट मिळत नाही, आणि पगारदार मंडळी आता बहुतेक तिकडेच गेली आहेत. देणगी मागताना हे खरं सांगा. व्यापारी, डॉक्टर, जुन्या पद्धतीत राहिलेले यांना अजून उपयोग आहे. त्यांच्याकडून २,००० च्या वर रोख घेऊ नका, रोखीवर वजावट नाही. पॅन घ्या. मेअखेर देणगीदारांचं विवरण भरायचं असतं, चुकलं तर रोज २०० रुपये.

दानपेटी ठेवणार असाल तर निनावी रकमेवरही मर्यादा आहे: एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, जे जास्त असेल ते. त्यावरच्या रकमेवर ३० टक्के कर. आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, कलमांचे क्रमांक बदललेत. जुने क्रमांक छापलेली पावती पुस्तकं वापरायच्या आधी सीएंना दाखवा.

मध्यरेषा

आजीव सभासद करून पैसे उभे करायचा विचार कोणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच लिहितो. १० हजारांनी २०० आजीव सभासद म्हणजे २० लाख, ऐकायला छान. पण आज मतदार १४० आहेत. एका वर्षात २०० नवे मतदार आले की पुढची निवडणूक ते जिंकतात, आणि त्यांना कबड्डीशी देणंघेणं असेलच असं नाही. त्यांना गावातला हॉल हवा असतो. नियमावलीत आधी दुरुस्ती करा: 'आश्रयदाता' असा बिनमताचा वर्ग, किंवा सभासदत्वाला ठराविक वर्षं झाल्यावरच मताचा अधिकार. ही दुरुस्तीसुद्धा धर्मादायकडे नोंदवावी लागते. पैसे घेतल्यावर नियम बदलाल तर वाद होणारच.

नामफलकाचं तसंच. इमारतीला नाव देऊ नका, खोल्यांना द्या. इमारत एकच असते, खोल्या चार असतात. आणि फलकावरची रक्कम ठरावात लिहा, नाहीतर दोन लाखवाला आणि पाच लाखवाला एकाच आकाराच्या संगमरवरावर येतात. मग पाचवाला पुढच्या टप्प्याला देत नाही.

निळी_शाई

सरकारी पैशाबद्दल. आमदार-खासदार निधी मंडळाच्या खात्यात येत नाही. काम सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा नगरपालिका निविदा काढून करते. नकाशा तुमचा असला तरी अंदाजपत्रक त्यांचं, ठेकेदार त्यांचा. म्हणून त्या निधीला असं काम द्या जे सुटं आहे: कुंपण भिंत, पेव्हर, बाहेरचं स्वच्छतागृह, मैदानाचे दिवे. मुख्य हॉलचा मधला टप्पा त्यात अडकवला तर एका ठेकेदाराचा खांब आणि दुसर्‍याचं छत, बोल्ट जुळत नाहीत.

जिल्हा क्रीडा अधिकार्‍यांकडे व्यायामशाळा विकास आणि क्रीडांगण विकास अशा दोन अनुदान योजना आहेत. प्रस्तावाबरोबर जागेचा मालकी पुरावा, अंदाजपत्रक आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल तयार ठेवा. भाड्याच्या जागेवर हे अडतं.

कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा निधी): मंडळाला सीएसआर-१ नोंदणी लागते. कायद्याच्या यादीत 'प्रशिक्षण' हा शब्द आहे, ग्रामीण खेळ आणि मान्यताप्राप्त खेळांचं. नुसती 'इमारत हवी' असा प्रस्ताव बाजूला पडतो. किती मुलं, किती तास, प्रशिक्षक कोण, हे आधी लिहा आणि त्यासाठी लागणारी वास्तू शेवटी.

चढाई_३०

@हिशेबनीस, १४१ एकदम होणार नाहीत. टप्प्याटप्प्याने करता येईल का? आणि हॉल लग्नसमारंभाला देऊन उत्पन्न काढलं तर?

हिशेबनीस

टप्पे करा, पण नकाशा पूर्ण इमारतीचा एकदाच मंजूर करून घ्या. परवाना एक वर्षाचा असतो, वाढवून जास्तीत जास्त चार. काम सुरू झालं असं धरायला जोतं पूर्ण लागतं. म्हणून बांधकामाच्या पहिल्या टप्प्यात पाया आणि जोतं करूनच थांबा, अर्धवट खड्डे खणून नको.

माझा क्रम: पहिल्या वर्षी प्लॉट, कुंपण, स्वच्छतागृह आणि खोली, बोअर, बाहेर मातीची दोन मैदानं आणि चार दिवे. त्याच दिवशी सराव तिकडे हलवा, भाडं थांबलं. दुसर्‍या वर्षी जोतं. तिसर्‍यात सांगाडा आणि छत, बाजू उघड्या. इथे पैसे संपले तरी छताखाली खेळता येतं. भिंती आणि मॅट शेवटी. उलट क्रम, म्हणजे चारी भिंती उभ्या आणि छताला पैसे नाहीत, अशा वास्तू आपल्या जिल्ह्यात शोधायला लागत नाहीत.

लग्नाचं: एक, महापालिका-नगरपालिकांत धर्मादाय वापराच्या इमारतीला सामान्य करात सवलत मागता येते, भाड्याने दिली की ती जाते. दोन, आयकरात अशा व्यावसायिक उत्पन्नाला एकूण जमेच्या २० टक्क्यांची मर्यादा. तीन, हॉलभाड्यावर जीएसटी लागतो, एकूण उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी. खेळाच्या प्रशिक्षणाची फी मात्र १२ए असलेल्या संस्थेला करमुक्त आहे. म्हणून उत्पन्न फीतून काढा, सकाळी सहा ते आठ मोठ्यांचा व्यायामवर्ग सुरू करा. चार, मॅटवर मांडवाच्या खुर्च्या आल्या की एका हंगामात मॅट संपली.

चालू खर्चही धरा: वीज, पाणी, राखणदार, विमा, लेखापरीक्षण, दरवर्षीची गळती. बांधकाम खर्चाच्या दोन टक्के दुरुस्तीसाठी दरवर्षी बाजूला. इमारतीचा निधी उभा राहतो, राखणदाराचा पगार कोणी देणगीत देत नाही.

लोखंडी_खांब

छत आणि फरशीच्या बाबतीत काटकसर करू नका, बाकी कुठेही करा.

पत्रा रंगीत, अर्धा मिलिमीटर, खाली उष्णतारोधक थर. तो नसेल तर मेमध्ये चारनंतरच सराव आणि जुलैत शिट्टी ऐकू येत नाही. माथ्यावर फिरते पंखे किंवा उघडी कडा, हवा वरून बाहेर गेली पाहिजे. प्रकाशासाठी पारदर्शक पत्रे छतात मैदानाच्या डोक्यावर नकोत, चढाईपटू वर बघतो आणि डोळे दिपतात. ते बाजूच्या भिंतीत वर लावा. पत्र्याच्या स्क्रूला रबरी चकती असते. ती पाच-सात वर्षांत कडक होते, मग गळती तिथूनच. गळतीचा दोष पत्र्याला देऊन सगळं छत बदलणारी मंडळं आहेत, बदलायच्या असतात फक्त चकत्या.

फरशी: मुरूम दाबून, दगडी सोलिंग, त्यावर जाड प्लॅस्टिक कागद, मग १५० मिलिमीटर ट्रिमिक्स (ओतल्यावर जास्तीचं पाणी शोषून काढलेलं) काँक्रीट. प्लॅस्टिक कागद ठेकेदार हमखास गाळतो, कारण तो नंतर दिसत नाही. ओतायच्या दिवशी स्वतः उभे राहा. तो नसला की जमिनीची ओल वर येते, मॅटच्या खाली अडकते, काळी बुरशी धरते आणि कडा वर वळतात. वळलेल्या कडेत पायाचा अंगठा अडकतो. मॅट टाकायच्या आधी काँक्रीटला किमान महिनाभर वाळू द्या. त्याआधी एक चाचणी: मीटरभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून एक रात्र ठेवा, सकाळी खाली थेंब असतील तर थांबा.

परिशिष्ट_एक

प्लॉटच्या कागदांची राहिलेली यादी: सातबारा किंवा मिळकत पत्रिका, फेरफार, ३० वर्षांचा शोध अहवाल, बिगरशेती आदेश (अटी वाचा, 'निवासी' लिहिलं असेल तर थांबा), मोजणी नकाशा, झोन दाखला, स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. इतर हक्काच्या रकान्यात बोजा, कूळ, 'भोगवटादार वर्ग २' (सरकारी अटींवर दिलेली जमीन) काही आहे का बघा. वर्ग २ असेल तर जिल्हाधिकार्‍यांच्या परवानगीशिवाय व्यवहार नाही. शेतजमीन स्वस्त मिळते म्हणून तिकडे वळू नका, मंडळ शेतकरी नाही, कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं.

इसार देताना करारात लिहा: परिशिष्टावरचे बदल मंजूर झाल्यावर सहा महिन्यांत खरेदी, नाही झाले तर इसार परत. इसार चेकनेच.

चढाई_३०

सगळ्यांचे आभार. कार्यकारिणीत वाचून दाखवलं. गोडाऊन बाजूला ठेवलंय. प्लॉटवाल्यांना रेखाटन होईपर्यंत थांबायला सांगितलं, उतार्‍याचा अर्ज उद्या जातोय, आणि पतसंस्थेतली नऊ लाखांची ठेव मुदत संपताच हलवतोय.

एक शेवटचं विचारायचं राहिलं. मल्लखांबही सुरू करायचा विचार आहे. तो हॉलमध्ये नंतर बसवता येईल ना?

लोखंडी_खांब

नंतर नाही. फरशी ओतायच्या आधी जागा ठरवा आणि तिथे चौकोनी खड्डा सोडा, लोखंडी चौकट बसवून वर झाकण. खांब जमिनीवर अडीच मीटरच्या आसपास आणि आत मीटरभर, त्यामुळे १५० च्या काँक्रीटमध्ये खिट्ट्या मारून उभा केलेला खांब हलतो. मैदानाच्या शेवटच्या रेषेपासून किमान चार मीटर लांब ठेवा, कारण खांबाला एरंडेल लावतात आणि ते पायाला लागून मॅटवर येतं. तिथली फरशी मॅटपेक्षा दोन सेंटिमीटर खाली घ्या.

खो_ताई

आणि झाकण लोखंडी नको, पावसाळ्यात त्यावरून घसरतात. सागवानी फळी, फरशीच्या पातळीत.